खालच्या पुऱ्याची विहीर

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर काढलेलं नाही. लिहिणं हे ज्यांच्या घरी पोथ्या आहेत त्यांचं काम, असं मी लहानपणापासून समजत आलो, आणि पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढूनही ती समजूत पुरती गेलेली नाही. माझ्या बोलण्याचं इथल्या मुलांना हसू येतं. खाणावळीत तोंडातून चुकून 'मले' निघालं की शेजारच्याचा घास हातात थांबतो. तेव्हा वाचणाऱ्यांनी चूक पोटात घालावी. न लिहिता राहवलं असतं तर राहिलो असतो.

झालं ते एवढंच, की परवा आमच्या बिऱ्हाडाच्या मागच्या अंगणात एक पिंजारी येऊन बसला. मालकांच्या मुलीचं लग्न आहे, नव्या गाद्या भरायच्या आहेत. त्यानं आपली कमान दोरीला टांगली, तात ताणून पाहिली आणि कामाला लागला. त्या ठोक्याचा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. थोड्या वेळानं खिडकीतून रुईचा एक तंतू आत आला आणि माझ्या उघड्या पुस्तकावर बसला. मी तो फुंकून टाकला. दुसरा आला. मग मी पुस्तक मिटलं.

आमच्याकडे आता हंगाम लागला असेल.

वऱ्हाडात कापूस नुसता पिकत नाही, तो सगळीकडे असतो. दिवाळी सरली की बोंडं फुटतात आणि काळ्या रानावर पांढरं उमटतं. बायका ओटी बांधून वेचायला निघतात, त्यांच्या बोटांना बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांचे ओरखडे असतात. पौषात अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मोर्शीकडून, चांदुराकडून, कुठून कुठून. बैलांच्या घंटा, चाकांची कुरकुर, आणि धुळीत मिसळलेली रुई. ती कडुनिंबाच्या पानांवर बसते, दुधाच्या भांड्यात पडते, म्हाताऱ्यांच्या भुवयांत अडकते. लहानपणी मला वाटायचं, हिवाळा म्हणजेच ही रुई.

मी ज्या हंगामाबद्दल सांगतो आहे, तो त्या वेड्या वर्षांच्या शेवटाशी आला. समुद्रापलीकडे अमेरिकेत लोक आपसात लढत होते, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, म्हणून आमच्या शिवारातल्या बोंडाला कधी नव्हे ते मोल आलं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. कोणी ज्वारीचं रान मोडून कपाशी लावली, आणि मग ज्वारी बाजारात शोधावी लागली. माझा बा जातीचा माळी. नाल्याच्या काठी आमची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. तो हे सगळं पाहून म्हणायचा, "आता लोकं कापूसच शिजवून खातीन का काय?"

पुढे लढाई थांबली, भाव डळमळला. पण गाड्या थांबल्या नाहीत. त्याच सुमारास रेल्वे वऱ्हाडात आली. ती अकोल्याच्या दारात थांबली, बडनेऱ्याला थांबली, आणि अमरावतीला दोन-तीन कोस बाजूला टाकून पुढे निघून गेली. एवढा मोठा आमचा बाजार, पण बडनेऱ्यापर्यंतची वाट काळ्या मातीची. पाऊस पडला की बैल पोटापर्यंत रुतायचे. अकोल्याचं नाव निघालं की आमच्या बाजारातले लोक गप्प व्हायचे.

या सगळ्या घडामोडीच्या खाली आमचा पुरा होता. खालीच म्हणतो, कारण गावाचा उतार आमच्याकडे. माळी, कोष्टी, पाथरवट आणि भिस्त्यांची घरं. एक जुनी विहीर होती, तिचं पाणी मचूळ, आणि होळीच्या आधीच ती तळ दाखवायची. मग बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणायच्या. वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायचं. एक घागर भरेपर्यंत दोघींच्या सासरची सगळी गाऱ्हाणी सांगून व्हायची. त्या वर्षांत वरच्या अंगाला, नाल्यातच, गाडीवानांचा तळ पडू लागला. शेकडो बैल, तेवढीच माणसं. त्यांचं सगळं वाहत, झिरपत आमच्या झिऱ्यांत येत असे. पाण्याला वास यायचा. माय ते फडक्यातून गाळायची आणि गाळून झाल्यावर फडक्याकडे बघायची नाही.

त्या पौषात माझी थोरली बहीण काशी बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिलटकरीण होती. मी तिला बाई म्हणायचो, ती मला सायेब म्हणायची, कारण मी अकोल्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो की पुस्तक घेऊन ओसरीवर बसायचो. ती सूप घेऊन समोर येऊन बसायची.

"काय रे सायेब, तुह्या विंग्रजीत पान्याले काय म्हन्तेत?"

"वॉटर."

"वाटर! हे म्हनेपर्यंत मानूस तहानेनं मरून जाईन." आणि स्वतःच हसायची, पोटाला हात लावून.

तिला चैत्राचे दिवस भरत होते. माय रोज एकदा तरी म्हणायची, "चैत्राच्या आत आपली नवी विहीर झाली पायजे, बापा. बाळंतिणीले काय झिऱ्याचं पाजू?" नव्या विहिरीची गोष्ट हवेत होती, कारण सरकारनं गावासाठी कमिटी नेमली होती आणि आमच्या पुऱ्यातर्फे बाला तिच्यात घेतलं होतं. बा पुऱ्याचा चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भांडण त्याच्याकडे आलं की मिटायचं.

रहीमचाचा भिस्ती पखाल घेऊन आमच्या दारावरून जायचा. कमिटीची बातमी कळल्यावर त्यानं वाट अडवली. "चौधरी, सुना है तुमी कमिटीत बसले. खुर्ची भेटली का सतरंजी?"

"खुर्ची सायबाले, गादी शेठलोकाईले," बा म्हणाला, "सतरंजी आमाले."

"सतरंजी चांगली. पडनार नाई माणूस."

कमिटीपुढे गोष्ट अशी होती. गावाच्या फंडात एका मोठ्या कामापुरतं साठलं होतं. सरकारनं कळवलं होतं, बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत खडीची सडक करायची असेल तर निम्मं आम्ही देऊ, निम्मं गावानं द्यावं, आणि ते याच वर्षी. दुसरीकडे आमच्या पुऱ्याचा अर्ज. खाली खडक असल्यामुळे सुरुंग लावून विहीर पाडायची, त्याला खर्च मोठा. दोन्ही होणं नव्हतं. अर्ज मीच लिहिला होता, आणि वाचून दाखवायला बानं मला बरोबर नेलं.

सभा बाजारातल्या एका मोठ्या गोदामात भरली. मागे छतापर्यंत गठाणी रचलेल्या. मी अर्ज वाचला तेव्हा गठाणींमुळे आवाज कुठे पोचतच नव्हता, नुसता शोषला जात होता. कमिटीवरच्या इंग्रज साहेबांनी शिरस्तेदाराकरवी विचारलं, खडकात पाणी लागेल याची खात्री काय? बा उभा राहिला. "खातरी देव देईन, सायेब. कमिटीनं फक्त सुरुंग द्यावा." साहेब हसले. मला वाटलं, झालं.

मग शेठजी बोलले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. बाजारातले सगळ्यांत जुने दलाल, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. ते म्हणाले, "विहीर पाहिजे. कोण नाही म्हणतो? पण गाड्या उद्या सरळ अकोल्याला जायला लागल्या तर या गावात जकात कोण भरेल? जकात नाही तर फंड नाही, फंड नाही तर विहीर कशातून? आधी गाव राहू द्या." त्यात खोटं काही नव्हतं. मला तेव्हाही ते खोटं वाटलं नाही, म्हणून तर जास्त भीती वाटली.

साहेब उठले. तुम्ही आपसात ठरवा, मला एकमतानं ठराव पाहिजे, एवढं सांगून ते गेले.

इथे आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. कापसाचा भाव तोंडानं कोणी बोलत नाही. दलाल उपरण्याचं टोक पसरतो, दोघं त्याखाली हात घालतात, आणि बोटं धरून-दाबून भाव ठरतो. पटलं नाही तर माणूस हात काढून घेतो. हात तसाच राहू दिला म्हणजे सौदा पक्का. कोणाला कोणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, म्हणून ही रीत सगळ्यांना आवडते. कमिटीतले बाजारवाले त्याच रीतीत वाढलेले. साहेबांची पाठ वळताच शेठजींनी उपरणं पसरलं आणि एकेकाजवळ जाऊन हात धरू लागले. सडकेला तुमचं मत आहे ना, एवढंच ते बोटांनी विचारत होते, हे मला मागाहून कळलं. मी मागे बसलो होतो, मला फक्त कापडाखालची हालचाल दिसत होती.

बा भाजी विकणारा माणूस. त्याचा सगळा व्यवहार ओरडून. कापसाच्या सौद्यात त्याचा हात कधीच गेला नव्हता. शेठजी शेवटी त्याच्याजवळ आले, त्याचा हात उपरण्याखाली घेतला, दोनदा हलकेच दाबला आणि थोडा वेळ धरून ठेवला. बानं हात तसाच राहू दिला. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून हात कसा हिसकावून घ्यायचा?

घरी येताना त्याची चाल वेगळीच होती. "शेठजीनं हात धरला रे माहा," तो म्हणाला. "दोन खेपा दाबला. येवढा मोठा मानूस. काम झालं आपलं."

त्या संध्याकाळी मायनं पुऱ्यात गूळ वाटला. काशीनं दोन खडे खाल्ले, एक स्वतःचा आणि एक, म्हणे, पोटातल्याचा. रहीमचाचानं पखाल खाली ठेवली आणि म्हणाला, "मंग आता मी खाऊ काय? तुमच्या दारात पानी आलं त मले कोन इचारते?" पण गूळ त्यानंही घेतला.

आठवडाभरात बडनेऱ्याच्या वाटेवर खडी फोडण्याचे आवाज सुरू झाले. आमच्या पुऱ्यात कोणी आलं नाही. बा रोज सकाळी वडाखाली, जिथे विहीर पाडायची होती तिथे, जाऊन उभा राहायचा. शेवटी तो शेठजींच्या गोदामात गेला. मी बरोबर होतो.

"शेठजी, तुमी माहा हात धरला होता."

"धरला होता. तुम्ही सोडवला नाही."

"सोडवाचा असते?"

शेठजींचा मुनीम फिसकन हसला. शेठजी हसले नाहीत. त्यांनी बाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चौधरी, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का?" आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी पहिलं काम तुमच्या विहिरीचं. माझा शब्द."

"लेकीचं बाळंतपण पुढच्या वर्षावर कसं ढकलू, शेठजी?"

यावर शेठजींनी समोरची वही ओढून घेतली.

पुऱ्यानं मात्र वेगळाच अर्थ काढला. चौधरी चोर, त्यानं हात विकला, असं लोक म्हणू लागले. ज्याच्याकडे भांडणं मिटवायला यायचे, त्याच्या दारावरून आता मान फिरवून जायचे. झिऱ्यावर एकीनं मायला ऐकवलं, "चौधरीनबाई, तुमी काहून आल्या इकडे? तुमच्या घरी त आता सडकेचं पानी येईन." माय घागर अर्धीच घेऊन परत आली. त्या दिवसापासून बाच्या ताटात वाढताना तिचं लक्ष दुसरीकडे असायचं.

बा अकोल्याला दाद मागायला गेला. बडनेऱ्याहून मी आणि तो आगगाडीत बसलो, त्याचा पहिलाच प्रवास. दोन्ही हातांनी बाक धरून तो खिडकीबाहेर पाहत होता. "रानं पयतेत रे," एवढंच म्हणाला. अकोल्याला स्टेशनाबाहेर कापसाचे ढीग, माणसांची ओरड, सगळं आमच्यासारखंच, फक्त त्यांची गाडी दारात. कचेरीत कारकुनानं ठराव काढून पाहिला. "सगळ्यांचं एकमत आहे की. तुम्हीही होता. एकमत झालेल्या कामाला तक्रार कोणाची?" बानं त्याला उपरण्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कारकुनानं अर्धी ऐकली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. परत बडनेऱ्याला उतरल्यावर बा म्हणाला, "स्टेशनाच्या मांगं विहीर पाह्यली का? किती रुंद बांधली."

मी शाळेला अकोल्याला निघून गेलो, आणि चैत्र संपताना पुन्हा घरी आलो. काशीला मुलगी झाली होती. काशी खाटेवर बसून तिच्या मुठी उलगडून बघत होती. "सायेब, हिले शिकवशीन का तुही विंग्रजी?" मी हो म्हणालो. ऊन भयंकर होतं. जुनी विहीर कोरडी पडली होती, झिरे खोल गेले होते, आणि पाणी म्हणून जे वर यायचं त्याचा रंग चहासारखा नव्हता, चिखलासारखाही नव्हता, कशासारखा होता ते मला अजून सांगता येत नाही.

पटकी आधी गाडीवानांच्या तळावर लागली. मग ती पाण्याच्या वाटेनंच खाली आली. आधी कोष्ट्यांकडे, मग पाथरवटांकडे. आमच्या घरी ती सकाळी आली. काशी पाणी पाणी करत होती, आणि पाणी द्यायचं की नाही हेच कोणाला कळत नव्हतं, कारण घरात होतं ते त्याच झिऱ्याचं. रहीमचाचा वरच्या गावात धावला, शेठजींच्या घरच्या विहिरीवरून पखाल भरून घेऊन आला. कोणी अडवलं नाही, असं तो नंतर म्हणाला, उलट शेठजींनी स्वतः पोहरा ओढला. स्वच्छ, थंड पाणी. काशीनं दोन घोट घेतले. "गोड हाये," म्हणाली. दुपार टळायच्या आत ती गेली. तिची मुलगी तिच्यामागे फार दिवस राहिली नाही.

त्या वैशाखात पुऱ्यातल्या बऱ्याच घरांना कड्या लागल्या. बाला दोष देणाऱ्यांपैकी काही लोक त्यात गेले. उरलेले आमच्या ओसरीवर येऊन बसले. बाला कोणी पुन्हा चौधरी म्हणालं नाही आणि चोर म्हणालं नाही. मला वाटतं, कोणीतरी पुन्हा चोर म्हणावं, याचीच तो वाट पाहत होता. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

सडक चांगली झाली, हेही लिहायला हवं. पावसाळ्यात आता बैल रुतत नाहीत. बाजार अकोल्याला गेला नाही. मी पुण्याला निघालो तो त्याच सडकेवरून, स्टेशनापर्यंत दमणीत बसून, अंगाला धक्काही न लागता. कॉलेजात आमचे प्रोफेसर सांगतात की जिथे रस्ता जातो तिथे सगळ्यांचंच भलं होतं, आणि मी ते वहीत उतरवून घेतो. ते चूक आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? फक्त 'सगळ्यांचं' हा शब्द लिहिताना माझी लेखणी थोडी थांबते. शेठजी वाईट होते का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. वाईट असते तर बरं झालं असतं, सोपं झालं असतं. त्यांच्या शब्दाप्रमाणे पुढच्या वर्षी विहिरीचा विषय निघालाही होता, पण तोवर कापसाचा भाव पडला, जकात आटली, आणि फंडात विहिरीपुरतं काही राहिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी शेठजीच राहिले नाहीत.

इथली मुलं आपापल्या गावचं बोलतात तेव्हा नदी, देऊळ, आंबराई असं काहीतरी सांगतात. मला विचारलं की मी म्हणतो, आमच्याकडे कापूस होतो. मग ते दुसऱ्याकडे वळतात.

पिंजारी संध्याकाळी कमान खांद्यावर टाकून गेला. अंगणात रुईचा पातळ थर राहिला होता, तो मोलकरणीनं झाडून काढला. हे मी इथवर लिहून ठेवून दिलं असतं. पण काल रहीमचाचाचा पुतण्या मला शोधत कॉलेजच्या व्हरांड्यात आला. तो आता रेल्वेत कोळसा टाकण्याच्या कामावर आहे, एका साहेबाच्या सामानाबरोबर पुण्याला आला होता. हातपाय काळे, म्हणून पायरीवर बसायलाही तयार नव्हता. मी त्याला बळंच बसवलं.

"पुऱ्यात विहीर झाली, भाऊ," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कोणी केली?"

"रेलवाईनं. बडनेऱ्याहून फाटा येऊन राह्यला न आता गावात. इंजिनाले पानी पायजे. वडाखालीच पाडली, सुरुंग लावून. लय पानी लागलं."

"आणि पुरा?"

"पुरा उठवला. तिथं यार्ड होनार हाये. लोकाईले सडकेच्या कडेले जागा देल्ली. तुमचं घरबी तिथंच हाये आता, आमच्या बाजूले. तुह्या बाले विहिरीवर रखवालीले ठेवलं होतं. कोनाले घागर भरू द्याची नाई, असा हुकूम. त त्याईनं सगळ्या बायाईले भरू देल्ली. चार-पाच दिवस चाललं. मंग सायबानं पाह्यलं आन काढून टाकलं. आता दुसरा शिपाई हाये तिथं, काठीवाला."

मी विचारलं, त्या चार-पाच दिवसांत मायनं पाणी भरलं का.

त्यानं काळ्या बोटांनी पायरीवरची माती खरवडली.

"नाई, भाऊ. समद्या बाया गेल्या. तुही माय एकदाबी गेली नाई."